जुना आय-७ की नवा आय-३?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की घरोघरी संगणकाचा विषय निघतो. तोवर मोबाइलवर एखादी जाहिरात येऊन पडलेलीच असते: ‘आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, एक वर्ष वॉरंटी’, आणि किंमत नव्या संगणकाच्या निम्म्याहून कमी. दुकानात गेले तर दुकानदार नवा आय-३ पुढे करतो, तोही जास्त पैशांत. ओळखीतला एक जाणकार सांगतो, जुना माल दणकट असतो. दुसरा म्हणतो, इलेक्ट्रॉनिक्समध्ये जुने म्हणजे भंगार. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण जुना म्हणजे किती जुना आणि तो कशासाठी हवा आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारलेले नसते.

या प्रश्नाचा सगळ्या बाजूंनी आढावा घेतला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. डेस्कटॉप प्रोसेसरच्या जगात जुन्या-नव्याची सीमा २०१७-१८ मध्ये पडली आहे. तिच्या अलीकडचा जुना माल पारखून घ्यायला काहीच हरकत नाही. पलीकडचा घरात असेल तर खुशाल वापरावा, पण त्यासाठी खिशातून नवे पैसे काढू नयेत. असे का, ते पाहू.

चार कोअरांचे दशक

प्रोसेसरची प्रगती एका चालीने कधीच झालेली नाही. पेंटियम-४ च्या काळात, २००० ते २००४ या चार वर्षांत, इंटेलने घड्याळाचा वेग दीड गिगाहर्ट्झवरून ३.८ वर नेला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम मात्र ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द झाल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. वेग वाढवत नेला, पण उष्णता आवरेना. ‘प्रेस्कॉट’ ही नवी आवृत्ती तर आधीच्या ‘नॉर्थवुड’पेक्षा जास्त तापायची आणि बऱ्याच कामांत तिच्या पुढेही जायची नाही. २००६ च्या जुलैमध्ये कोअर २ ड्युओ आला. त्याचे घड्याळ दोन-अडीच गिगाहर्ट्झच्या आसपासचे, तरी त्याने पावणेचार गिगाहर्ट्झच्या पेंटियमला सहज मागे टाकले. गिगाहर्ट्झ पाहून प्रोसेसर निवडण्याचे दिवस तेव्हाच संपले. दुकानातल्या पाट्यांवरून मात्र तो आकडा अजून उतरलेला नाही.

पुढची दहा वर्षे वेगळीच गेली. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या कोअर २ क्वाड क्यू-६६०० मध्ये चार कोअर होते. बरोबर दहा वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, इंटेलचा सर्वसामान्यांसाठीचा सर्वांत वरचा प्रोसेसर होता आय-७ ७७००के, आणि त्यातही कोअर चारच. मधल्या काळात एएमडीचा ‘बुलडोझर’ २०११ मध्ये आला. त्याच्या आठ कोअरांचा गाजावाजा झाला खरा, पण एका कोअरच्या कामात तो काही वेळा स्वतःच्याच जुन्या फेनॉम-२ च्या मागे पडला. स्पर्धक असा गारद झाल्यावर इंटेलला घाई करण्याचे कारण उरले नाही. दर वर्षी नवी पिढी यायची, पाच-दहा टक्के वेग वाढायचा, किंमत तीच राहायची.

‘जुना आय-७ अजून कुणाला ऐकत नाही’ हा समज याच दशकात रुजला, आणि तेव्हा तो खराही होता. २०११ च्या ‘सॅण्डी ब्रिज’ पिढीतला आय-७ २६००के ज्याने घेतला, त्याला पुढची पाच-सहा वर्षे नवे घेण्याचे सबळ कारण सापडले नाही. अडचण एवढीच, की परिस्थिती बदलून बरीच वर्षे झाली, तरी तो समज तसाच टिकून आहे.

मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला. रायझन ७ १७०० या प्रोसेसरात आठ कोअर आणि सोळा थ्रेड होते, किंमत ३२९ डॉलर. चार कोअरांचा ७७००के तेव्हा ३३९ डॉलरला होता. इंटेलला जाग आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी बाजारात आली आणि आय-७ मध्ये सहा कोअर झाले. आय-३ ८१०० मध्ये खरेखुरे चार कोअर आले. आदल्या वर्षापर्यंत तेवढ्यासाठी आय-५ चे पैसे मोजावे लागत. ज्यांनी जानेवारीत ७७००के घेतला होता, त्यांचा महागडा प्रोसेसर दहा महिन्यांत मधल्या फळीत जाऊन बसला. पुढेही वेग कमी झाला नाही. २०१९ मध्ये रायझन ५ ३६०० हा सहा कोअरांचा प्रोसेसर १९९ डॉलरला आला. २०२० च्या झेन-३ रचनेने एका घड्याळ-ठोक्यातले काम १९ टक्क्यांनी वाढवल्याचे एएमडीने सांगितले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये इंटेलच्या बाराव्या पिढीने, ‘आल्डर लेक’ने, साधारण तेवढीच झेप घेतली. दहा वर्षांत जे झाले नव्हते, ते चार-पाच वर्षांत झाले.

७७००के आणि १२१००

आकडे फसवतात कसे, हे पाहायला दोन प्रोसेसर शेजारी ठेवू. एक २०१७ चा आय-७ ७७००के, दुसरा जानेवारी २०२२ चा आय-३ १२१००.

दोघांत कोअर चार, थ्रेड आठ. घड्याळाचा कमाल वेग ७७००के चा ४.५ गिगाहर्ट्झ, १२१०० चा ४.३. म्हणजे इथे जुना पुढे. किंमत जुन्याची ३३९ डॉलर, नव्याची १२२. नावात एकाला सात, दुसऱ्याला तीन. केवळ पाटी वाचून कोणीही ७७००के उचलेल. प्रत्यक्ष काम सुरू केले, की हाच आय-३ एका कोअरच्या कामात आणि सगळे कोअर जुंपलेल्या कामातही आय-७ पेक्षा एक-तृतीयांशाहून अधिक पुढे असतो. आणि जाहिरातीतला आय-७ बहुधा ७७००के नसतोच. तो २६००, ३७७० किंवा ४७७० असतो. २०११ च्या २६०० शी गाठ पडली, तर हा आय-३ एका कोअरच्या कामात साधारण दुपटीने वेगवान ठरतो.

याचे कारण ‘आयपीसी’, म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात पुरी होणारी कामे. जाते किती जोरात फिरते याला महत्त्व आहेच, पण दर फेऱ्याला किती पीठ पडते ते पाहिल्याशिवाय दळण केव्हा उरकेल हे सांगता येत नाही. नव्या रचनांमध्ये एका वेळी जास्त सूचना वाचल्या जातात, पुढची वाट कोणती याचा अंदाज जास्त अचूक बांधला जातो आणि कॅशेही वाढलेली असते. ७७००के मध्ये कॅशे ८ एमबी, तर १२१०० मध्ये १२. नावातला ३, ५, ७ हा आकडा त्या वर्षीच्या भावंडांमधला क्रम सांगतो. दहा वर्षांपूर्वीच्या आय-७ ची आजच्या आय-३ शी तुलना करायला तो आकडा कामाचा नाही.

प्रोसेसर एकटा येत नाही

प्रोसेसर घ्यायचा म्हणजे त्याच्यासोबत मदरबोर्ड, रॅम आणि पुढच्या काही वर्षांची वाटही घ्यायची. जुन्या-नव्याचा खरा हिशेब इथेच बदलतो.

इंटेलने सॉकेट सतत बदलले. २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१. आठवी पिढी तर त्याच ११५१ पिनांच्या सॉकेटात बसते, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. वापरलेला बोर्ड आणि वापरलेला प्रोसेसर वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणारे इथे हमखास अडकतात.

एएमडीचे एएम-४ सॉकेट याच्या अगदी उलट. २०१७ मध्ये घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. हा प्रोसेसर म्हणजे नेहमीच्या ३२ एमबी कॅशेवर ६४ एमबीचा आणखी एक थर चढवलेला. घड्याळ मूळ ५८००एक्स पेक्षा किंचित हळू, पण खेळांमध्ये कितीतरी पुढे. काही बोर्डांवरची बायोसची चिप १६ एमबीचीच असल्याने नव्या प्रोसेसरांना जागा द्यायला जुन्यांचा आधार काढावा लागला, म्हणून बायोस बदलण्याआधी बोर्डाच्या कंपनीची यादी वाचणे भाग आहे. तरीही ज्याच्याकडे एएम-४ बोर्ड आहे, त्याला नवा संगणक घेण्याआधी नवा प्रोसेसर घालून पाहण्याची सोय आहे. अशी सोय इंटेलच्या गिऱ्हाइकाला क्वचितच मिळाली.

सप्टेंबर २०२२ पासून एएमडी एएम-५ वर गेली. त्यावर फक्त डीडीआर-५ रॅम चालते, आणि हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असे कंपनीने सांगितले आहे. इंटेलच्या १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. हा फरक आज नुसता तांत्रिक राहिलेला नाही. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली, की रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा दिवसांत ज्याच्या हाताशी डीडीआर-४ च्या पट्ट्या आहेत, त्याने त्या कपाटात टाकून डीडीआर-५ च्या मागे धावण्यापेक्षा १२४०० किंवा रायझन ५ ५६०० कडे पाहावे. दोन्ही प्रोसेसर सहा कोअरांचे असून आजही भरपूर पुरतात.

विंडोजची यादी

जुना प्रोसेसर सहसा बिघडत नाही. आधी बोर्डावरचे कपॅसिटर जातात, पॉवर सप्लाय जातो, पंखा घरघरतो. प्रोसेसर मात्र पंधरा वर्षांनीही चालू सापडतो. त्याचे आयुष्य संपते ते बहुधा सॉफ्टवेअरच्या बाजूने.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि प्रोसेसरांची एक यादी सक्तीची केली. यादी ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. रायझन २२००जी आणि २४००जी मात्र नाव २००० चे असूनही आतून पहिल्या रचनेचे असल्याने बाहेर राहिले. आपला ७७००के देखील बाहेरच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सेवा संपली. ज्यांना हवी त्यांच्यासाठी आणखी एक वर्षाची वाढीव सुरक्षा-सेवा जाहीर झाली, पण ती तात्पुरती मलमपट्टी आहे. विंडोज १० च्या या अखेरीमुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ मध्येच मांडला होता.

आडवाटेने विंडोज ११ जुन्या यंत्रावर बसवता येते, आणि जुन्या मालाचे विक्रेते ते सर्रास बसवूनही देतात. अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर २ ड्युओसारख्या चिपांवर तर २४एच२ आवृत्तीपासून आडवाटही बंद झाली, कारण लागणाऱ्या काही सूचनाच त्या चिपांमध्ये नाहीत. हाच प्रकार हळूहळू इतरत्रही दिसतो. काही नवे खेळ आणि एआयची साधने एव्हीएक्स-२ नावाचा सूचनासंच नसेल तर सुरूच होत नाहीत, आणि तो इंटेलकडे २०१३ च्या ‘हॅसवेल’पासून आला. रेड हॅटच्या २०२५ च्या लिनक्स आवृत्तीनेही किमान पायरी तिथेच आखली आहे. म्हणजे ‘लिनक्स टाका, सगळे चालते’ हा सल्लाही सरसकट खरा नाही. मिंट किंवा उबुंटू मात्र जुन्या यंत्रावर अजून व्यवस्थित चालतात. ज्याचे काम ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि छपाई एवढ्यात भागते, त्याच्यासाठी हा फुकटचा आणि सुरक्षित मार्ग आहे.

सुरक्षिततेची आणखी एक बाजू आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरांच्या रचनेतल्याच त्रुटी उघड झाल्या. सॉफ्टवेअरने केलेल्या डागडुजीची किंमत जुन्या चिपांनी जास्त मोजली. हॅसवेल आणि त्याआधीच्या प्रोसेसरांवर मंदपणा जाणवेल, हे मायक्रोसॉफ्टने तेव्हाच सांगितले होते.

व्हिडिओचेही तसेच. यूट्यूब आज व्हीपी-९ आणि एव्ही-१ या पद्धतींनी चित्र पाठवते. व्हीपी-९ उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून, एव्ही-१ ची अकराव्यापासून. त्याआधीच्या यंत्रावर हे काम प्रोसेसर स्वतः रेटतो. मग साधा ४के व्हिडिओ लावला तरी पंखा भणभणू लागतो, आणि मालक म्हणतो, ‘याला व्हायरस लागला.’

विजेचे बिल

जुना संगणक वीज खातो, हे सगळेच म्हणतात. किती, ते मोजून पाहू. समजा जुने यंत्र सरासरी ६० वॉट घेते आणि नवे ३०. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे २,४०० तास. फरक ७२ युनिटांचा. युनिट दहा रुपये धरले तर वर्षाला ७२० रुपये. घरच्या एका संगणकासाठी एवढ्यावरून निर्णय फिरवण्याचे कारण नाही. दहा संगणकांचे प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्याला मात्र वर्षाला ७,२०० रुपये, म्हणजे पाच वर्षांत ३६ हजार रुपये जास्त मोजावे लागतील. त्याने हिशेब करावा.

नवे म्हणजे कमी वीज, हेही सरसकट खरे नाही. २०११ च्या २६०० चा अधिकृत आकडा ९५ वॉट होता, तर आय-९ १४९००के पूर्ण भारावर २५३ वॉटपर्यंत जातो. काम तो कितीतरी पटींनी जास्त करतो, पण त्याला लागणारा कूलर आणि पॉवर सप्लाय यांचाही खर्च धरावा लागतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, एसी नसलेल्या खोलीत, ६५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर घेणे शहाणपणाचे.

नव्यातही खोट असते

सगळ्यात नवे घेतले म्हणजे सुटलो, असेही नाही. प्रेस्कॉट आणि बुलडोझरची गोष्ट वर आलीच. २०२१ मध्ये इंटेलचा आय-९ ११९००के आला तो आठ कोअरांचा, आणि त्याच्या आधीच्या १०९००के मध्ये होते दहा. ऑक्टोबर २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेने वीज वाचवली, पण तिच्यातला सर्वांत वरचा २८५के खेळांमध्ये अनेकदा आपल्याच घरातल्या १४९००के च्या मागे राहिला.

तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रकरण यापेक्षा गंभीर. या पिढ्यांतले वरच्या वर्गातले प्रोसेसर, मुख्यतः आय-९, आय-७ आणि १३६००के-१४६००के, काही महिन्यांच्या वापरानंतर अधूनमधून कोलमडू लागले. चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्या चिपला आधीच इजा झाली, ती या दुरुस्तीने बरी होत नाही. म्हणून या वर्गातला वापरलेला प्रोसेसर घेताना बिल, वॉरंटी आणि बायोसची तारीख पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. बाराव्या पिढीला ही बाधा नाही.

नावांचा खेळ तर दोन्ही कंपन्या खेळतात. आय-३ १४१०० हा आतून जवळपास १२१०० च आहे, घड्याळ थोडे चढवलेले. रायझन ५ ५५०० आणि ५६०० या नावांत शंभराचाच फरक दिसतो, पण पहिल्याची कॅशे १६ एमबी, दुसऱ्याची ३२. शिवाय पहिला पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या तिसऱ्या आवृत्तीवरच थांबतो. सध्या ‘एआय’ची पाटी लावून प्रोसेसर विकले जातात. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’साठी ४० टॉप्स क्षमतेचे एनपीयू, म्हणजे प्रोसेसरातला एआयच्या कामांसाठीचा खास भाग, लागते, आणि डेस्कटॉपच्या कोअर अल्ट्रा २०० मधले एनपीयू आहे १३ टॉप्सचे. या पाटीसाठी जास्तीचा रुपया मोजू नये.

कामाप्रमाणे निवड

टॅली, ऑनलाइन फॉर्म, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास: घरात चौथ्या-सहाव्या पिढीचा संगणक असेल, तर आधी त्याची हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी लावावी आणि रॅम ८ जीबी करावी. सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेणारे यंत्र काही सेकंदांत उठते. मंदपणाचा दोष लोक प्रोसेसरला देतात, पण बहुतेक वेळा गुन्हेगार हार्ड डिस्क असते. विकतच घ्यायचे असेल तर आठव्या पिढीच्या अलीकडचे, ऑफिसमधून निघालेले रिफर्बिश्ड यंत्र उत्तम सौदा ठरते.

डीटीपी, फ्लेक्स, कोरलड्रॉ, श्री-लिपी: या कामात एका कोअरचा वेग आणि रॅम महत्त्वाची. बाराव्या पिढीचा आय-३ किंवा आय-५ आणि १६ जीबी रॅम पुरे. जुना आठ किंवा चौदा कोअरांचा सर्व्हरचा प्रोसेसर इथे उपयोगी पडत नाही.

प्रोग्रॅमिंग शिकणारे विद्यार्थी: सहा कोअर, १६ जीबी रॅम. १२४०० किंवा ५६०० आजही चोख. पुढे वाढवत जायचे असेल आणि रॅमचा भाव झेपत असेल, तर एएम-५ वर रायझन ५ ७६००.

लग्न-समारंभाचे व्हिडिओ संकलन: आजचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ पद्धतीने एच.२६५ मध्ये चित्रण करतात. ते सुरळीत चालवण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या ५० मालिकेत आली. म्हणून या कामाला इंटेलचा नवा प्रोसेसर घ्यावा, आणि नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला टाळावा, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते.

खेळ: पैसे आधी ग्राफिक्स कार्डावर, मग प्रोसेसरवर. कार्ड निवडताना प्रोसेसरचे वय विसरू नये. आरएक्स ६५००एक्सटी सारखे स्वस्त कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन वापरते आणि जुन्या, तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर चांगलेच मंदावते. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही सोय लागते, ती फार जुन्या बोर्डांवर नसते. व्हॅलोरंट जुन्या प्रोसेसरवरही चालतो, पण विंडोज ११ वर त्याची सुरक्षा-यंत्रणा टीपीएम २.० मागते.

जाहिरात वाचायची कशी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, जुन्या मालाच्या बाजारात पहिला प्रश्न ‘आय-५ की आय-७’ हा नसावा. ‘पूर्ण मॉडेल नंबर काय?’ हा असावा. इंटेलच्या चार अंकी नंबरात पहिला अंक पिढी सांगतो: २६०० म्हणजे दुसरी, ८४०० म्हणजे आठवी. पाच अंकी नंबरात पहिले दोन अंक: १०४०० म्हणजे दहावी. ‘आय’ नावापुढे तीनच अंक असतील, उदाहरणार्थ ८६० किंवा ९२०, तर तो २००८-१० च्या सुमाराचा पहिल्या पिढीचा. विक्रेता नंबर सांगायला कां-कूं करू लागला, तर तिथून निघावे. यंत्र चालू असेल तर टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये पूर्ण नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे.

ब्रँडेड यंत्राच्या नावावरही विसंबू नये. डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०१० हा २०१२ च्या सुमाराचा तिसऱ्या पिढीचा संगणक, आणि २०२३ मध्ये तेच नाव तेराव्या पिढीच्या यंत्रालाही दिले गेले. अशा ऑफिसच्या यंत्रांत बोर्ड आणि पॉवर सप्लाय बहुधा कंपनीच्या खास मापाचे असतात. लहान खोक्यात तर बुटके ग्राफिक्स कार्डच बसते. पुढे वाढवण्याच्या इराद्याने ती घेऊ नयेत.

‘२८ थ्रेडचा गेमिंग पीसी’ म्हणून विकला जाणारा प्रकार वेगळाच. त्यात बहुधा २०१६ चा झिऑन ई५-२६८० व्ही४ असतो: चौदा कोअर, कमाल ३.३ गिगाहर्ट्झ, १२० वॉट. डेटा सेंटरमधून निवृत्त झालेला हा प्रोसेसर वाईट नाही, पण तो बसवलेला ‘एक्स-९९’ नावाचा अनोळखी बोर्ड अनेकदा जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या, भलत्याच चिपसेटवर बनलेला असतो. त्याला ना बायोसचे अपडेट, ना भरवशाची वॉरंटी. एच-६१ चिपसेटचे ‘नवे’ बोर्डही असेच. बोर्ड नवा दिसला तरी प्लॅटफॉर्म २०११ चाच.

सुटा प्रोसेसर घेताना एएम-४ चा असेल तर खालच्या बाजूच्या पिना उजेडात तिरप्या धरून पाहाव्यात, एखादी वाकलेली चटकन दिसते. इंटेलच्या आणि एएम-५ च्या पिना बोर्डावर असतात, म्हणून तिथे सॉकेट तपासावे. बॉक्स पीस असेल तर वॉरंटी कंपनीची, ट्रे पीस असेल तर बहुधा विक्रेत्याची. दोन्हींचे जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. अर्धा तास सगळे कोअर भरून चालवावा आणि तापमान पाहावे. विक्रेत्याने याला नकार दिला, तर त्या नकारातच उत्तर मिळाले असे समजावे.

एवढा आढावा घेतल्यावर माझा निवाडा असा आहे. घरातला जुना संगणक एसएसडी, रॅम आणि जमल्यास लिनक्स घालून शेवटपर्यंत वापरा, तोच सर्वांत स्वस्त आणि निसर्गाला सोसणारा मार्ग आहे. वापरलेला विकत घ्यायचा असेल तर इंटेलची आठवी पिढी किंवा यादीत असलेली रायझन २००० मालिका यांच्या खाली उतरू नका, मग नावात सात असो की नऊ. नवा घ्यायचा असेल तर सर्वांत ताज्या पिढीचा हट्ट सोडा. एक-दोन पिढ्या मागचा मधल्या वर्गातला प्रोसेसर घ्या आणि वाचलेले पैसे रॅम, एसएसडी आणि चांगल्या पॉवर सप्लायवर घाला. आणि दुकानात पाऊल टाकण्याआधी हवा असलेला मॉडेल नंबर कागदावर लिहून न्या, म्हणजे ‘आय-७ आहे, साहेब’ एवढ्यावर कोणी तुमची बोळवण करू शकणार नाही.